स्टिअरिंगचं वजन

बाकावर बसलेल्या बाईनं फक्त पाय आत घेतला. ती ओरडली नाही, उठलीही नाही. टपाल कचेरीच्या कोपऱ्यावरचं ते वळण त्यानं चाळीस वर्षं घेतलं होतं, डोळे मिटून घेतलं असतं तरी चुकलं नसतं, आणि त्या सकाळी वळण अर्ध्यावर आलं असताना त्याच्या उजव्या खांद्यात काहीतरी ओल्या दोरीसारखं सुटलं. स्टिअरिंग हातातून निसटून आपलं आपण सरळ झालं, गाडी फुटपाथवर चढली आणि बाकापासून वीतभर अंतरावर थांबली. बाई पिशवीत काहीतरी शोधत होती. तिनं बंपरकडे पाहिलं, स्वतःच्या चपलेकडे पाहिलं, पाय बाकाखाली घेतला आणि पुन्हा पिशवीत हात घातला. त्यानं काच खाली करून माफी मागितली ती तिच्यापर्यंत पोचली की नाही, कोण जाणे. डाव्या हातानं कशीबशी गाडी मागे घेऊन तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, की खांदा जरा दुखतोय. बाईबद्दल बोलला नाही. पण दिवसभर तो पाय त्याच्या समोर होता. भेगाळलेली टाच, अंगठ्याला गुंडाळलेली चिकटपट्टी, आणि एखाद्या नेहमीच्या माणसाला वाट करून द्यावी तसं त्याचं ते आत सरकणं. ती घाबरली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

डॉक्टरनं हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, आणि खांद्याचा स्नायू फाटलाय, या वयात शिवण्यात फारसा अर्थ नाही, असं सांगितलं. "गाडी चालवता? पॉवर स्टिअरिंग असेल ना?" त्यानं नकारार्थी मान हलवली. गाडी जुनी आहे, वडिलांची. डॉक्टर म्हणाला, "मग ती तरी बदला, नाहीतर स्टिअरिंग तरी." डॉक्टरनं ते सहज म्हटलं होतं, पुढच्या पेशंटची चिठ्ठी हातात घेता घेता. गाडी बदलण्याचा विचार त्याच्या मनात शिरलाच नाही. वडील पंपांच्या कारखान्यात फोरमन होते. ही गाडी त्यांनी कुणाकडून तरी मोडक्या अवस्थेत घेतली, दोन वर्षं खपून उभी केली, हातानं रंगवली, आणि मरेपर्यंत दुसऱ्या कुणाला तिचं बॉनेट उघडू दिलं नाही. स्टिअरिंग पहिल्यापासून जड. कुणी बोललंच तर वडील म्हणत, जड गाडी माणसाला विचार करून वळायला लावते. लहानपणी मागच्या सीटवरून तो वडिलांच्या मानेच्या शिरा वळणावर ताठ होताना बघायचा. पुढे स्वतः चालवायला लागला तेव्हा पहिल्याच दिवशी स्वतःच्या मानेत तो ताण त्याला जाणवला, आणि आपण मोठे झालो असं वाटलं. मित्र चालवायला मागत, दोन वळणं घेऊन हात झटकत खाली उतरत, आणि तो हसत पुन्हा जागेवर बसे. ते हसणंही वडिलांचंच होतं.

विजेच्या मोटरचं स्टिअरिंग जुन्या गाड्यांना घरच्या घरी बसवतात, हे त्याला शॉर्टसर्किटकडून कळलं. शॉर्टसर्किट हा गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा माणूस. उंचीनं बुटका आणि डोकं केव्हाही तापणारं, म्हणून सगळे त्याला तसं म्हणत. त्याच्या दुकानाच्या पाटीवरचं खरं नाव कुणी वाचत नसे. तो म्हणाला, "साहेब, अपघातात गेलेल्या एखाद्या नव्या छोट्या गाडीचा मोटरवाला दांडा आणू. तुमचा दांडा मधे कापायचा, तो जोडायचा, बॅटरीवरून जाड वायर ओढायची. दोन-तीन रविवारांचं काम. मग गाडी करंगळीनं वळेल. तुमच्या वडिलांना वरून दिसत असेल तर तोंड फिरवतील, पण काय करणार." संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं तेव्हा ती त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होती. मोटर कशी लागते, हातानं थोडं वळवलं की तिला कसं कळतं आणि उरलेला जोर ती कशी लावते, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. ती ऐकत होती. "एका बोटानं वळेल," तो म्हणाला. सुई थांबली. "एका बोटानं?" तिनं विचारलं. तो हो म्हणाला. तिनं दोरा दातानं तोडला, शर्ट झटकला, आणि "करा मग," म्हणून आत गेली.

तिच्या त्या विचारण्यात काही नव्हतं. तरी ते त्याच्या कानात राहिलं, आणि रविवारी पोर्चमध्ये शॉर्टसर्किटची वाट बघत गाडीत बसला असताना त्याला ते मैदान आठवलं. शहराबाहेरचं, कडेनं सिमेंटचे खांब पुरलेलं. एकतीस वर्षं झाली त्याला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि मागच्या सीटवर झोपलेली असायची. बायकोनं प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलं होतं. तलावाजवळ पाणी तपासायची प्रयोगशाळा नवी निघाली होती आणि तिथून तिला बोलावणं आलं होतं. शहरापासून बावीस किलोमीटर. तिकडं जाणारी बस सकाळी एक आणि रात्री एक. त्याची नोकरी फिरतीची, सरकारी जीपनं जाण्याची, त्यामुळे गाडी आठवडाभर पोर्चमध्येच उभी असे. ती म्हणाली, मी गाडी शिकते. त्यानं आनंदानं हो म्हटलं. निदान स्वतःला तरी तो आनंदच वाटला. रोज सकाळी मैदानावर. अकरा दिवस. पहिल्या दोन दिवसांत तिला गिअर आले, क्लच आला, त्याला स्वतःला शिकताना आला नव्हता इतक्या सफाईनं आला. पण गाडी वळेना. ती स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकायची, ओठ आत ओढून, सीटवरून अर्धी उठून, आणि चाकं हळूहळू, जणू मनाविरुद्ध, फिरायची. "खांद्यातून जोर लाव," तो म्हणायचा. स्वतःचे हात त्यानं गुडघ्यांमध्ये धरून ठेवलेले असायचे, कारण मदत केली तर शिकणार कशी. चौथ्या दिवशी तिच्या तळव्यांना फोड आले. तिनं त्यावर पट्ट्या बांधल्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा आली. अकराव्या दिवशी वळण पुरं झालं नाही आणि गाडी खांबाला लागली. एक दिवा फुटला. तो चिडला नाही. तो चांगल्या आवाजात म्हणाला, "तुझ्या हाताचं काम नाही हे. वाईट वाटून घेऊ नकोस." जागा बदलून त्यानं गाडी मागे घेतली, गर्रकन वळवली, आणि घरी येईपर्यंत प्रत्येक वळणावर त्याच्या हातांमध्ये एक सुख होतं. ते सुख त्याला स्पष्ट आठवलं. तिचा चेहरा त्या दिवशी कसा होता ते मात्र आठवेना. ती बहुधा खिडकीबाहेर बघत होती. पुढं तिनं दोन गल्ल्या सोडून असलेल्या दवाखान्यात नोकरी धरली. रक्ताच्या बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावायची. सव्वीस वर्षं लावल्या.

शॉर्टसर्किट आला तो पिशवीतून मोटरचा दांडा काढतच, कपड्यात गुंडाळलेलं बाळ दाखवावं तसा. काम सुरू करण्याआधी तो स्वतः घरात जाऊन आपला स्प्रिंगचा काटा घेऊन आला. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं तो वजनमापं तपासायच्या खात्यात होता. दुकानदारांचे काटे, मापं, पेट्रोलपंपांची नळी. पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्याला बोटांनीच कळायचं, आणि बाजारात तो शिरला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोक पारडी पुसायला लागत. मोजल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही ही त्याची सवय घरातही होती, मुलगी त्यावरून त्याला चिडवायची. त्यानं काट्याचा आकडा स्टिअरिंगच्या चक्राला अडकवला आणि गाडी जागेवर उभी असताना चाकं हलेपर्यंत ओढलं. अठरा किलो. "बाप रे," शॉर्टसर्किट म्हणाला, "हे काय, विहिरीवरचा रहाट आहे का?" अठरा हा आकडा लिहून घेताना त्याला कुठंतरी बरंही वाटलं.

पहिला रविवार सगळं उघडण्यात गेला. डाव्या हातानं त्याला पाना धरता येत होता, पिळता येत नव्हता. पिळायचं काम शॉर्टसर्किट करायचा आणि प्रत्येक बोल्टला वेगळी शिवी द्यायचा. स्टिअरिंगचा दांडा खाली जिथं संपतो तिथं एक लोखंडी डबा असतो, त्यातल्या दात्यांमधून हाताचा जोर चाकांकडे जातो. त्या डब्याला तेल घालायचं बूच असतं. बूच सापडेना. शेवटी शॉर्टसर्किटनं खरवडून काढलं तेव्हा ते रंगाखाली निघालं. वडिलांच्या हातच्या त्या गडद हिरव्या रंगाचे तीन थर त्यावर होते, आणि ते थर कधी फुटले नव्हते. आत तेल नव्हतं. वाळलेल्या डिंकासारखं काहीतरी काळं दात्यांना चिकटलं होतं, ते त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं खरडून काढलं. डब्यावर दाते जवळ आणायचा एक स्क्रू होता, तो शेवटपर्यंत आवळलेला. "कुणीतरी स्टिअरिंगमधली ढिलाई काढायला आवळलाय," शॉर्टसर्किट म्हणाला, "आणि मग सोडायला विसरलाय. कोरड्या दात्यांवर असा आवळायचा म्हणजे..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. आवळणारा हात कुणाच्या वडिलांचा, हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या रविवारी डबा धुऊन, तेल भरून, स्क्रू मापात लावून त्यांनी परत बसवला. चाकांच्या खुंट्यांना ग्रीस दिलं. दांडा टर्नरकडे कापायला न्यायचा होता, पण शॉर्टसर्किट म्हणाला, "साहेब, कापायच्या आधी एकदा मोजून घ्या. नंतर मोटरनं किती फरक पडला ते कळायला हवं." त्यानं काटा अडकवला आणि सवयीनं जोर लावला, तर चक्र एकदम फिरून काटा हातातून सुटला. पुन्हा अडकवला, सावकाश ओढला. साडेसात. चाकांतली हवा पाहिली, ठीक होती. घरात जाऊन पाच किलोचं पितळी वजन आणून काटाच तपासला. काटा बरोबर होता. तिसऱ्यांदा मोजलं. साडेसात. शॉर्टसर्किट हसायला लागला. "मोटरशिवायच झालं की काम. परत नेऊ का मोटर?" तो म्हणाला, "नाही. लाव." आणि हात धुवायला म्हणून आत गेला. बेसिनपाशी पाणी सोडून तो नुसताच उभा राहिला. अठरातून साडेसात गेले, उरले साडेदहा. हे साडेदहा किलो गाडीचे नव्हते. कुणीतरी ते पारड्याखाली चिकटवलेले होते, आणि तो आयुष्यभर त्यांच्यासकट तोलत होता. त्याला एक म्हातारा धान्यवाला आठवला, ज्याचा काटा त्यानं जप्त केला होता. तो हात जोडून म्हणत होता, साहेब, वडिलांच्या वेळेपासून हा असाच आहे, मी कधी उघडून पाहिला नाही. त्यानं पंचनाम्यात एका ओळीत लिहिलं होतं, माहीत नव्हतं हे कारण होऊ शकत नाही. चांगल्या वळणदार अक्षरात. आपण असंच लिहिलं, ते बरोबरच होतं, पाण्याखाली हात चोळत तो स्वतःशी म्हणाला, पण हाताचं काळं निघत नव्हतं आणि साबण डोळ्यांत गेल्यासारखे डोळे चुरचुरत होते. साडेसात किलो तिनं ओढले असते. फोड आलेल्या हातांनीही ओढले असते. बाहेरच्या खोलीतून तिनं विचारलं, "झालं का?" तो म्हणाला, "होत आलं."

तो आठवडा त्यानं ते पोटात ठेवलं. जेवताना ती काही वाढायला हात पुढं करायची आणि त्याची नजर तळव्यावर जायची, जणू अजून तिथं काही दिसणार होतं. तिला का सांगायचं, असा तो स्वतःशीच वाद घालत असे. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, जखम भरून गेलेली, ती उकरून कुणाचं भलं होणार; वडिलांना आता काय विचारणार; आणि त्याला स्वतःला तरी काय माहीत होतं. इथं येऊन वाद थांबायचा, कारण मग ते सुख आठवायचं, मैदानावरून परततानाचं, हातांमधलं. डबा कोरडा होता हे माहीत नसलं, तरी त्या सुखाची त्याला खबर होती. तिला ती जागा मिळू नये असं त्याला वाटलं होतं का? असं कधी शब्दांत वाटलं नव्हतं. पण काही गोष्टी शब्दांत वाटाव्या लागत नाहीत, त्या हातांत असतात.

तिसऱ्या रविवारी मोटर बसली. डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीवर तिचं काळं गाठोडं आलं, बॅटरीवरून जाड वायर आली, तिच्यात फ्यूज आला. शॉर्टसर्किटनं किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं, आणि करंगळीनं चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवलं. चाकं पोर्चच्या फरशीवर करकरत फिरली. काटा दीड किलो दाखवत होता. त्यानं स्वतः हात लावला तेव्हा त्याला किळस आल्यासारखं झालं. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसं. शॉर्टसर्किट चहा पिऊन, वहिनींना नमस्कार करून गेला. ती कप उचलायला पोर्चमध्ये आली होती, तेव्हा तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. तू शिकत होतीस ना, तेव्हा गाडी इतकी जड असायला नको होती. स्टिअरिंगच्या डब्यात तेलच नव्हतं. बाबांनी स्क्रू आवळून ठेवला होता. निम्म्याहून जास्त वजन खोटं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"फुटलेला दिवा बदलायला मिस्त्री गाडी न्यायला येणार होता तेव्हा तुम्ही मला त्याच्याबरोबर गॅरेजात जायला सांगितलं होतं, तुम्हाला दौरा होता म्हणून. तो मिस्त्री गाडी आत घेताना म्हणाला, वहिनी, साहेबांना सांगा, स्टिअरिंग कोरडं पडलंय, अर्ध्या तासाचं काम आहे. साहेबांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही, त्यांना आवडत नाही. तुम्ही आलात त्या संध्याकाळी मी सांगितलं तुम्हाला."

"मला?"

"तुम्ही बुटांना पॉलिश करत होतात. हं म्हणालात."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवावी तसं तिनं ते सांगितलं होतं. "मग पुन्हा का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं. तिनं थोडा विचार केला, खरोखरच आठवून पाहिलं. "दोन दिवस वाट बघितली," ती म्हणाली, "मग तिथं नाही म्हणून कळवून टाकलं." आणि कप घेऊन आत गेली. तो गाडीला टेकून उभा राहिला आणि ती संध्याकाळ शोधू लागला. पॉलिशची डबी सापडली, तिचं चिमटीत धरून उघडायचं झाकण, ब्रशाचे एका बाजूला झिजलेले केस, वर्तमानपत्रावर ठेवलेले दौऱ्याचे बूट, टाचेला लागलेला लाल चिखल. तिचा आवाज सापडेना. स्वतःचं हं सापडेना. उलटसुलट करून पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे ते घडलं होतं, त्याच्याच तोंडून, आणि त्याच्याकडे त्याची नोंदच नव्हती. अशी आणखी किती हं असतील, हा विचार आला आणि तो चटकन गाडीचं दार उगीचच उघडून लावू लागला.

दोन दिवसांनी सकाळी ती बाहेर जायची साडी नेसून, पर्स घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "किल्ली द्या," म्हणाली. त्याला वाटलं ती गंमत करते आहे. "लायसन्स?" तिनं पर्समधून काढून दाखवलं. मुदत अजून तीन वर्षं होती. "आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंची छोटी गाडी मीच चालवायचे की," ती म्हणाली, "त्यांचे डोळे अधू झाले तेव्हापासून. आठ-नऊ वर्षं तरी." तो म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस." "त्यात बोलण्यासारखं काय होतं," ती म्हणाली आणि हात पुढं केला. मी येऊ का, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. तिनं आरसा फिरवला, मागे बघितलं, आणि गाडी फाटकातून एका झटक्यात बाहेर काढली, खांबाला बोटभर जागा सोडून. वळणापाशी ब्रेकचे दिवे एकदा लागले आणि गाडी दिसेनाशी झाली. पोर्चमध्ये तेलाचे डाग होते. त्यानं ते पुसायला घेतले, अर्धे पुसले आणि पायरीवर बसून राहिला.

अडीच तासांनी ती आली. गाडी अर्धी फाटकात, अर्धी रस्त्यावर ठेवूनच ती उतरली. "कुठं गेली होतीस?" त्यानं विचारलं, माहीत असून. "तलावापर्यंत," ती म्हणाली. "आहे ती अजून. वर दोन मजले चढवलेत. दारात चारपाच बायका उभ्या होत्या, पांढऱ्या कोटातल्या, डबे खाऊन झाल्यावर उन्हाला आलेल्या. एक माझ्या वयाची होती. मला कुणीतरी ओळखीचं समजून तिनं हात केला."

"मग?"

"मीपण केला."

तिनं किल्ली त्याच्या हातात दिली. "कशी वाटली गाडी?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाला, "आता तूच वापरत जा. मला तसाही खांदा..." ती चपला काढत होती. "नको," ती म्हणाली, "विकून टाका. आता कुणालाही चालवता येईल." खिडकी लावून घ्या म्हणावं तशा आवाजात तिनं ते म्हटलं. आत नळ सुरू झाला. बऱ्याच वेळानं तो बंद झाला.

रस्त्यावरून कुणीतरी भोंगा वाजवला तेव्हा तो गाडी आत घ्यायला उठला. दार उघडून बसायला गेला तर गुडघे डॅशबोर्डवर आपटले. तिनं सीट पुढं ओढून घेतली होती, पार शेवटच्या खाचेपर्यंत. चाळीस वर्षांत ती सीट कुणी हलवली नव्हती. ती हलते हे त्याला माहीत होतं, हलवता येईल हे कधी सुचलं नव्हतं. खालचा खटका त्याच्या बोटांना लागला. त्यानं तो ओढला नाही. पाय दुमडून, पोट आत घेऊन, स्टिअरिंग छातीला टेकेल असा तो त्या जागेत कसाबसा मावला, आणि मागचा माणूस दुसऱ्यांदा भोंगा वाजवत असताना दोन बोटांनी गाडी आत घेतली.